कृपया गाढव व्हावे

हसन परकार कोणालाही अरे-तुरे करत नसत. हॉटेलच्या मागच्या दाराशी एक करडी मांजर यायची, तिलाही नाही. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर ती चढून बसली की परकार तिच्यासमोर उभे राहून म्हणत, "उठा आता. कामाची वेळ झाली." ती उठत नसे. मग परकार दुसऱ्या गठ्ठ्यावर काम चालवत.

आखातातल्या मनामा शहरात, एका मोठ्या हॉटेलात, आम्ही बारा वर्षं एकत्र नोकरी केली. मी बँक्वेट ऑफिसात होते. कुठल्या हॉलात किती खुर्च्या, कोणाच्या टेबलावर कोण, कोण कोणाशेजारी चालत नाही, याच्या याद्या करणं हे माझं काम होतं, आणि माझ्या नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे आजारही. परकार तळघरातल्या लिनन रूमचे प्रमुख. हॉटेलातल्या सगळ्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ आणि नॅपकिन त्यांच्या हाताखालून जात. मूळ गाव दाभोळच्या खाडीकाठचं. उंच, सडपातळ, चेहरा लांब आणि कडक खळीच्या कापडासारखा. नाव हसन, पण त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. हा विनोद लिनन रूममध्ये येणारा प्रत्येक नवा मराठी माणूस पहिल्या आठवड्यात करायचा. परकार तो दर वेळी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर बोललात."

तू म्हणायला त्यांच्याकडे दोघंच होती, आई आणि अल्ला. बाकी सगळी दुनिया तुम्ही. शुक्रवारी गावाला फोन लावला की बायकोलासुद्धा "तुम्ही जेवलात काय?" असं विचारत. वॉशिंग मशीन बंद पडलं तर "आज त्यांची तब्येत बरी नाय" असं मेंटेनन्सला कळवत. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "चादरीवरचा डाग जातो, बाई. जिभेवरचा नाय जात."

डागांचं त्यांना सगळं कळायचं. हळदीच्या डागाला ऊन, मेंदीला धीर, लिपस्टिकला प्रश्न न विचारणं. एप्रिलात आमच्या लोकांची जयंती असायची. आम्ही पंधराएक कुटुंबं उम्म अल हस्सम भागात एक छोटा हॉल घ्यायचो. स्टेजवरच्या टेबलासाठी पांढरी चादर परकार स्वतः इस्त्री करून द्यायचे. "फोटोखाली सुरकुती नको," एवढंच म्हणायचे.

त्यांचं इंग्रजी मात्र माझ्यामुळे बिघडलं. मी लिनन रूमबाहेर एक नोटीस लावली होती: 'स्टाफ मे प्लीज रिटर्न ऑल टॉवेल्स.' परकारांनी ती दोन दिवस वाचली आणि मग विचारायला आले.

"बाई, प्लीजच्या आधी मे कशाला?"

"त्याने हुकमाचा कडकपणा जातो."

"म्हणजे कपड्याला सॉफ्टनर लावतो तसा?"

"तसाच."

त्या दिवसापासून त्यांच्या इंग्रजीला सॉफ्टनर लागला. उशिरा येणाऱ्या धोब्याला ते म्हणू लागले, "यू मे प्लीज बी ऑन टाइम." धोबी केरळचा. त्याला वाटलं आपल्याला निवड दिली आहे.

आखाती युद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली होती. शहरातली हॉटेलं गिऱ्हाईक ओढायला नवनव्या युक्त्या काढत होती. कोणी मेक्सिकन रात्री करत होतं, कोणी बर्फाचे हंस. आमच्या जीएमसाहेबांनी बैठक बोलावून 'ब्रिटिश शुक्रवार' जाहीर केले. शुक्रवारी दुपारी भरपेट जेवण आणि सोबत अस्सल ब्रिटिश हास्य, असे सहा शुक्रवार. पुठ्ठ्याचा लाल टेलिफोन बूथ करून घेतला. तो दाराजवळ ठेवल्यावर पहिल्याच दिवशी एका पाहुण्याने आत जाऊन फोन शोधला. लंडनच्या एजंटाचा फॅक्स आला: विनोदी जोडी, दोन कलाकार. मी यादीत लिहिलं, 'कलाकार २, खोली डबल.'

आले एकच. मिस्टर बर्टी पिम, वय सत्तरच्या पुढे, अंगापेक्षा दोन मापं मोठा चौकटीचा सूट, आणि एक पत्र्याची ट्रंक.

"दुसरे कुठे आहेत?" जीएमनी विचारलं.

"वारले," पिम म्हणाले. "पण काळजी करू नका. तालमींना तो तसाही कधी येत नसे."

मी यादीतला दोन खोडून एक केला. पुढे कळलं की जोडीतला दुसरा, हॅरी, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि एजंट अजून जोडीच विकत होता.

पिम ज्या धंद्यातले होते तो धंदा संपल्यालाही बराच काळ लोटला होता. समुद्रकाठच्या गावांतून थिएटरं असायची. एकाच खेळात बाजीगर, गाणारी बाई, शिकवलेली कुत्री आणि मधे विनोदी जोडी. जोडीची बारा मिनिटं. हॅरी आणि पिम यांनी तीच बारा मिनिटं अडतीस वर्षं गावोगाव फिरवली. "मग टीव्ही आला," पिमनी मला सांगितलं. "तिथं एकदा केलं की ती बारा मिनिटं एका संध्याकाळी सगळ्या देशाची उष्टी होतात. पुढच्या गावाला काय वाढणार?" थिएटरांतून आकड्यांचा जुगार, बिंगो, सुरू झाला. शेवटी पिमकडे राहिली होती इंग्लंडमध्ये भाचीच्या घरातली वरची खोली. भाचीला विनोद आवडत नव्हते.

सहा शुक्रवार चांगले गेले तर जीएम त्यांना वर्षभर ठेवणार होते. पिमना ते वर्ष हवं होतं. "इथं राहिलो तर काम करता करता मरेन, मिसेस एम," ते मला म्हणाले. "नाहीतर भाचीकडे मरेन. आणि तिथं फार वेळ लागेल."

मात्र जोडीतला अर्धा माणूस खेळ करू शकत नाही. आमच्या भंडाऱ्याकडे खडी गंमतीच्या खेळातही हेच असतं. शाहीर गंभीरपणे विचारतो आणि सोंगाड्या वेड पांघरून पेडगावला जातो. शाहीरच नसेल तर सोंगाड्या नुसता वेडा दिसतो. पिमना गंभीर चेहरा हवा होता. तो चेहरा सूट इस्त्रीला न्यायला त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

तासाभराने परकार माझ्या टेबलाशी आले.

"बाई, नव्या साहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. माझा काय गुन्हा झाला?"

गुन्हा नव्हता. जीएमनी लगेच त्याला 'मल्टी-स्किलिंग' हे नाव दिलं आणि परकारांच्या ड्युटी शीटवर 'चादरी' याच्या खाली 'विनोद' असं लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं.

तालमी लिनन रूममध्ये दुपारी. मी दुभाषी. खेळ साधा होता. पिम हॉटेलात खोली मागायला आलेला गिऱ्हाईक, परकार काउंटरवरचा कारकून. पिम एकापेक्षा एक खुळे प्रश्न विचारतात. कारकून सहन करतो, करतो, आणि शेवटी संतापून ओरडतो, "यू डाँकी!" हॅरी हे अडतीस वर्षं ओरडला होता. सगळा डोलारा त्या दोन शब्दांवर होता.

परकारांनी प्रश्नोत्तरं तीन दिवसांत पाठ केली. शेवटचे दोन शब्द मात्र तोंडातून निघेनात.

"माझ्या बाच्या वयाचे हायत ते. गाढव कसं म्हणू?"

"परकार, हा खेळ आहे. शिवाय इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं. यू म्हटलं की झालं."

"त्यांच्यात असेल एक," परकार म्हणाले. "तोंड माझं हाय."

पिमनी हॅरीचा कोट परकारांना घालायला दिला. कॉलरवर मेकअपचा पिवळट डाग होता. परकारांनी तो पाहिला आणि त्यांची बोटं आपोआप साबणाकडे गेली. "तो डाग राहू दे," पिम म्हणाले. "तो हॅरीचा आहे." परकार तीन दिवस अस्वस्थ होते. दिसलेला डाग तसाच ठेवणं ही त्यांची बारा वर्षांतली पहिलीच वेळ.

पहिला शुक्रवार. परकार जुम्म्याची नमाज आटोपून, मागच्या दाराने येऊन, कोट चढवून काउंटरमागे उभे राहिले. पाहुणे बहुतेक ब्रिटिश, तेल आणि बँकांमधले. मायदेशातून जे इंग्लंड नाहीसं झालं होतं ते इथं शुक्रवारी दुपारी बटाट्यांबरोबर मिळावा अशी त्यांची अपेक्षा. पहिली दहा मिनिटं कोणी हसलं नाही. पिमचे विनोद लोकांना आपल्या आजोबांकडून माहीत होते. मी यादीवर पेन्सिल आपटत उभी होते. जीएम घड्याळ बघत होते. पिमच्या कपाळावरून मेकअप ओघळायला लागला होता.

शेवटचा प्रश्न झाला. परकारांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मग दोन्ही हात पुढे बांधून, मान किंचित झुकवून म्हणाले,

"सर, विथ रिस्पेक्ट, यू मे प्लीज बी अ डाँकी."

नंतर जो हशा उसळला त्याने पुठ्ठ्याचा टेलिफोन बूथ हलला. एका बँकवाल्याच्या नाकातून सूप आलं. पिमनी एक ठोका थांबून, परवानगी मिळाल्यासारखं कमरेत वाकून अभिवादन केलं आणि म्हणाले, "थँक यू." आपण फार बोललो असं वाटून परकारांनी त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. लोकांनी टेबलं बडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परकार माझ्याकडे आले. त्यांच्या हातात भिंतीवरून काढलेली माझी नोटीस होती.

"बाई, यात काय चूक हाय?"

"काही नाही."

"मग ते हसले का? मी अदब केली. अदबीला हसतात? मला नाय जमायचं हे. खलास."

मी पिमना तळघरात घेऊन गेले. ते चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. मांजर आधीच तिथं होती, तिने थोडी जागा दिली. पिमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्याला सांगा, अडतीस वर्षं हॅरीने मला गाढव म्हटलं. पण मला गाढव व्हायचं आहे का, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते त्याला हसले नाहीत, मला हसले. ते हसणं म्हणजे माझं पोट आहे. दोन वर्षांनी कालच भरलं."

मी भाषांतर केलं. परकारांनी ऐकलं, विचार केला आणि नोटीस परत भिंतीला लावली.

"त्यांना चालत असेल तर माझी ना नाय."

पुढचे दोन शुक्रवार टेबल मिळेना. लोक मागच्या वेळी आलेलेच, आणि मित्रांना घेऊन. 'यू मे प्लीज' सगळ्या मनामात पसरलं. बँकांमधून साहेब लोक एकमेकांना म्हणू लागले, "यू मे प्लीज पास द फाइल." झिंजच्या आमच्या बिल्डिंगखाली दुकानदाराने मला विचारलं, "तुमच्या हॉटेलात तो गाढव करणारा माणूस आहे ना?" परकारांना याचं काही नव्हतं. ते वेळेवर येत, अदबीने गाढव करत, खुर्ची देत आणि नॅपकिन मोजायला खाली जात.

गोष्ट इथं थांबली असती. पण यश दिसलं की ते सुधारायचं, असा आमच्या हॉटेलचा नियम होता. हेड ऑफिसहून एंटरटेनमेंट कन्सल्टंट आले. जन्मात कोणी त्यांना हसवलं नसावं, म्हणूनच बहुधा ते त्या विषयातले तज्ज्ञ होते. त्यांनी तिसरा शुक्रवार घड्याळ लावून पाहिला आणि शनिवारी अहवाल दिला. त्याच्या प्रती मीच काढल्या. विनोद परिणामकारक आहे, पण कर्मचाऱ्याचं इंग्रजी सदोष आहे, त्यामुळे हॉटेलच्या दर्जाविषयी गैरसमज होतो. वाक्य लांब आहे. मूळ संहितेप्रमाणे दोन शब्द पुरेत. कर्मचाऱ्याला प्रशिक्षण द्यावं.

मी जीएमना म्हटलं, "साहेब, लोक त्या चुकीसाठीच येतात."

"मग बरोबर केल्यावर किती येतील बघा," जीएम म्हणाले.

परकारांना चार दिवस टेप ऐकवली. डाँकीतला 'डाँ' कसा, 'की' कुठे तोडायची. शेवटी 'अतिथी-संवाद' असं लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं. परकार तरी अडून राहिले. तेव्हा जीएमनी त्यांना सांगितलं की शिकवल्याप्रमाणे बोलला नाहीत तर मिस्टर पिम यांचं वर्षभराचं काही जमणार नाही.

त्या संध्याकाळी परकार माझ्याकडे आले.

"बाई, त्यांची भाची कशी हाय?"

"पिम सांगतात त्यावरून, बरी नाही."

"मग बोलतो," परकार म्हणाले. "इंशाल्ला, एकदाच."

चौथ्या शुक्रवारी हॉल भरलेला. टेबल एकवर जीएम आणि कन्सल्टंट. ती यादी माझीच. शेवटचा प्रश्न आला तसे लोक हातातले काटे-चमचे ठेवून, ओठांवर आधीच हसू घेऊन पुढे झुकले. परकारांनी छाती भरून श्वास घेतला, उजव्या हाताचं बोट पिमवर रोखलं आणि टेपमधल्यासारखं चोख म्हणाले,

"यू डाँकी!"

कोणी हसलं नाही. मागे कुठेतरी एसी घरघरत होता तो ऐकू आला. पिम एक ठोका थांबले, दोन थांबले. तीन. म्हाताऱ्या नटाला शांतता किती जड असते ते मी तेव्हा पाहिलं. त्यांचे खांदे त्या मोठ्या सुटाच्या आत खाली गेले.

परकारांचं बोट अजून हवेत होतं. त्यांनी त्या बोटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचं आहे. मग तो हात आणून छातीवर ठेवला.

"सॉरी सर," ते म्हणाले. "धिस इज नॉट फ्रॉम मी. धिस इज फ्रॉम मॅनेजमेंट."

त्यानंतरच्या हशाचं मोजमाप माझ्या कुठल्याच कागदावर नाही. लोक उभे राहिले. सगळ्या माना टेबल एककडे वळल्या. जीएमही हसले, पण फोटोसाठी हसतात तसं, आणि तेही उशिरा. पिमनी परकारांचा हात धरून त्यांना काउंटरबाहेर आणलं आणि दोघं वाकले. परकारांना वाकायचं माहीत नव्हतं. ते नमाजातल्या रुकूत वाकल्यासारखे वाकले आणि पिम सरळ होईपर्यंत तसेच राहिले.

शनिवारी कन्सल्टंटचा दुसरा अहवाल आला. हास्य अपेक्षेपेक्षा जास्त झालं होतं, पण चुकीच्या दिशेने. ब्रिटिश शुक्रवार रद्द झाले. पुढच्या महिन्यात इटालियन सुरू होणार होते, त्यात नुसता पास्ता. पिमना द्यायचं पत्र मी टाइप केलं. बारा वर्षांची सवय. पिमनी ते माझ्यासमोर उघडून मोठ्याने वाचलं, "यू मे प्लीज व्हेकेट द रूम बाय ट्यूसडे." एक ठोका थांबले. मग कमरेत वाकून म्हणाले, "थँक यू."

मला हसू आलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

परकारांचं काही झालं नाही. मेंदीचा डाग काढणारा दुसरा माणूस हॉटेलाकडे नव्हता. प्रमाणपत्राची घडी करून त्यांनी इस्त्रीच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातली.

मंगळवारी सकाळी हॉटेलच्या व्हॅनमधून आम्ही मुहर्रकला विमानतळावर गेलो. मी, पिम, आणि रजा टाकून आलेले परकार. माझ्या हातात यादी: पासपोर्ट १, तिकीट १, ट्रंक १. परकारांनी प्लास्टिकच्या पिशवीतून हॅरीचा कोट काढला. कडक इस्त्री, बटणं घट्ट केलेली. कॉलरवरचा पिवळट डाग जागच्या जागी. पिमनी त्या डागावरून अंगठा फिरवला आणि कोट आपल्या सुटावर तसाच चढवला. मी यादीत वाढवलं: 'कोट १, डागासह.'

फार बोलणं झालं नाही. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याचं इंग्रजी मी बिघडवलेलं होतं, आणि तिसरीला काय बोलावं ते कळत नव्हतं. आमचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. पिम ट्रंक ढकलत पासपोर्टच्या दाराकडे निघाले. दाराशी पोचल्यावर वळले आणि तिथंच थांबले. दोन मोठे कोट एकावर एक घातलेला तो म्हातारा मधल्या गर्दीतून परकारांकडे बघत नुसता उभा राहिला. शुक्रवारी शेवटच्या प्रश्नानंतर राहायचा, तसाच. मागचे प्रवासी कुरकुरायला लागले तरी हलेना.

परकार ताठ उभे होते. चेहरा तोच, खळीचा. मला वाटलं, आता हात बांधतील आणि 'सर, विथ रिस्पेक्ट' म्हणतील. त्यांनी हात बांधले नाहीत.

"जा रे गाढवा," ते म्हणाले, मराठीत, ओरडून. "नीट जा. जेवत जा वेळेवर."

पिम एक ठोका थांबले. मग कमरेत वाकले, पार खाली, आणि आत गेले.

परत येताना व्हॅन समुद्रातल्या रस्त्यावर आली. यादी माझ्या मांडीवर होती. सगळ्यांपुढे खुणा झाल्या होत्या आणि खाली दोन ओळी रिकाम्या होत्या. माझं पेन त्यांवर गेलेलं परकारांनी पाहिलं.

"बाई," खिडकीबाहेर पाण्याकडे बघत ते म्हणाले, "दाराशी मी जे बोललो ते तुम्ही लिहू नका."

मी पेनाला टोपण लावलं.